उजनी मायनसमध्ये जाते तेव्हा

भीमाकाठी उन्हाळ्यातली सगळ्यात मोठी बातमी एका वाक्यात सांगतात : उजनी मायनसमध्ये गेली. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातला जवळजवळ ६४ टीएमसी, म्हणजे निम्म्याहून जास्त, मृतसाठा. उपयुक्त पाणी संपून पातळी या मृतसाठ्यात उतरली की मायनस सुरू होतं. ते फार खाली गेलं, की इंदापूर तालुक्यात जुन्या पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ पाण्याबाहेर येतं. आधी शिखर, मग दगडी मंडप, मग भोवतीचे वीरगळ. २०२४च्या उन्हाळ्यात ते असंच उघडं पडलं होतं. अशा वेळी वर्तमानपत्रांत फोटो येतात, पाहणाऱ्यांची रीघ लागते. पण जे या गावात जन्मले, त्यांच्यासाठी ही जागा प्रेक्षणीय स्थळ कशी होणार? देवळाच्या कोणत्या अंगाला आपली आळी होती आणि घराचं जोतं कुठे असेल, हे शोधायला माणसं चिखल तुडवत येतात.

गावाची ओढ हा आपल्या दिवाळी अंकांचा जुना विषय. त्यात बहुतेक वेळा कोकणातला चाकरमानी असतो, नाहीतर न्यू जर्सीतलं मराठी कुटुंब. त्यांचं दुःख खरं आहे, पण त्यांचं गाव जागेवर आहे. तिकीट काढलं की पोचता येतं, निदान तशी आशा धरता येते. धरणग्रस्ताची ओढ वेगळी. त्याचं गाव घरापासून दोन-चार किलोमीटरवर असतं आणि तिथे जाता येत नाही. ते दिसतं ते फक्त तालुका होरपळत असताना. गाव दिसावं म्हणून कुणी दुष्काळ मागत नाही, आणि दुष्काळ आला की गाव दिसल्याचा आनंद उघडपणे मानताही येत नाही. या ओढीला आपण हळवेपणा म्हणून बाजूला ठेवतो. माझ्या मते ती न चुकवलेल्या देण्याची नोंद आहे, आणि पुनर्वसनाचा विचार करताना तिला पुराव्याचं स्थान मिळायला हवं.

हे देणं कशाचं, ते पाहू. ७ मार्च १९६६ रोजी यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते उजनीची पायाभरणी झाली आणि १९८०मध्ये धरण पूर्ण झालं. जलाशयाला यशवंतसागर नाव मिळालं. माढा तालुक्यातल्या भिंतीमागे पाणी इंदापूर, करमाळा, दौंड आणि कर्जतच्या हद्दीत पसरलं. संपादन सुरू झालं तेव्हा हाताशी १८९४चा भूसंपादन कायदा होता. राज्याचा प्रकल्पग्रस्तांसाठीचा पुनर्वसन कायदा १९७६चा, म्हणजे पायाभरणीनंतर दहा वर्षांनी आलेला. जुन्या कायद्याला जमीन मोजता येत होती, घर, विहीर आणि झाडं मोजता येत होती. पाणवठा, नदीपलीकडची सोयरीक, यात्रेचा मान, उधारीवर चालणारी बलुत्याची देवघेव यांना त्याच्या तक्त्यात रकानाच नव्हता. शिवाय मोबदला ज्याच्या नावावर सातबारा, त्याला. ज्याचं पोट गावावर होतं पण नाव कागदावर नव्हतं, त्याचं नुकसान झालं हेच सिद्ध करणं अवघड. नदीकाठचं गावठाण उठून पळसदेव पुणे-सोलापूर रस्त्याला आलं, नव्या गावात नवं देऊळही उभं राहिलं. रेल्वेला मात्र आपला मार्ग रीतसर हलवून मिळाला. १८५८ साली पुण्याहून आगगाडी जिथवर पोचली होती त्या डिकसळचा जुना रेल्वे पूल पुढे रस्त्याच्या वाहतुकीला वापरात आला. रुळांना पर्यायी मार्ग आखून द्यावा लागतो हे सरकारला कळत होतं. माणसांच्या येण्याजाण्याला तसा मार्ग लागतो हे कळायला फार वर्षं गेली.

कुगाव करमाळ्यात, कळाशी इंदापुरात. मध्ये जिथे नदी होती तिथे आता जलाशयाचा विस्तार आहे. रस्त्याने जायचं तर मोठा वळसा, म्हणून माणसं होडीने जात राहिली. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. ओढ म्हणजे गतकाळात रमणं, असं म्हणणाऱ्यांनी हा प्रवास ध्यानात घ्यावा. दोन काठांवरच्या गावांचं नातं धरणाने संपलं नाही, फक्त जिवावरचं झालं. शिरसोडी ते कुगाव पूल मंजूर झाला, तोही धरण भरू लागल्यानंतर चार दशकांनी.

पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीला गाळपेर म्हणतात. ही जमीन सरकारच्या मालकीची. हंगामापुरती भाडेपट्ट्याने दिली जाते आणि धरणग्रस्तांना त्यात प्राधान्य असतं. म्हणजे बापजाद्यांनी कसलेलं रान नातू काही महिन्यांच्या पट्ट्यावर पेरतो आणि पाणी चढायच्या आत पीक काढून घेतो. पाणी जसजसं मागे हटतं तसतसे वरच्या रानातले बागायतदार चर खोदत, पाइप आणि केबल वाढवत मोटारी त्याच्यामागे नेतात. या दोन्ही गोष्टींत एक व्यवहार आहे आणि तो रास्त आहे. पण पट्टा मागायला आलेला माणूस इतर अर्जदारांसारखा नसतो, हे प्राधान्याचा नियम स्वतःच कबूल करतो. जुन्या नात्याला शासनाने दिलेली ही मान्यताच आहे. ती फक्त पिकापुरती थांबली.

हा प्रश्न एका तालुक्याचा नाही. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला, तेव्हापासून महाराष्ट्र तो ऐकत आला आहे. कोयनेची गावं रायगड, ठाणे, सोलापूर, सांगली अशी विखुरली. दूरचं उदाहरण हिंदी महासागरातल्या चागोस बेटांचं. दिएगो गार्सियावर लष्करी तळ करायचा म्हणून ब्रिटनने १९६८ ते १९७३ या काळात बेटवासी उठवून मॉरिशस आणि सेशेल्समध्ये नेऊन सोडले. त्यांना पैसे मिळाले, अपुरे आणि उशिरा. तरी पन्नास वर्षं त्यांचा आग्रह परत जाण्याचा आणि पूर्वजांच्या कबरींपर्यंत पोचण्याचा राहिला. २००६ साली शंभरेक जणांना बेटांवर भेटीपुरतं नेलं, तेव्हा त्यांनी त्या कबरी साफ केल्या. चागोसमध्ये सक्तीचं, वंशद्वेषी निर्वासन होतं आणि उजनीत सार्वजनिक उपयोगाचं धरण, हा फरक मोठा आहे. तो पुसू नये. साम्य एवढंच की मोबदला चुकता झाल्यावरही जागेवरचा हक्क माणसाच्या मनातून उतरत नाही.

पहिला आक्षेप सरळ आहे. उजनी नसती तर सोलापूरचा मोठा भाग कोरडा राहिला असता, आणि खुद्द इंदापुरात बॅकवॉटरने ऊस आला, कारखाने आले, भिगवणची मासळी आली. हे शंभर टक्के खरं. पण हा लाभ सगळ्यांना सारखा पोचलेला नाही. जलाशयाकाठी मोटार बसवू शकला त्याचं रान हिरवं झालं. पाण्यापासून लांब पुनर्वसन झालेल्याला ते पाणी पाहूनच समाधान मानावं लागलं. आणि लाभ झाला म्हणून नुकसान झालंच नाही, असा निष्कर्ष निघत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. ज्या गावाची आठवण काढायची, त्या गावात महारवाडा आणि मांगवाडा गावकुसाबाहेर होता, पाणवठे वेगळे होते. ते बुडालं म्हणून कुणी का रडावं? याला उत्तर जुन्या गावाची आरती ओवाळून देता येणार नाही. मात्र बिनजमिनीच्या माणसांना मोबदल्यातही कमीच वाट्याला आलं. म्हणून गावाची नोंद करायची तर त्यांच्या तोंडून आधी करायला हवी. आठवण फक्त वाड्यांची राहिली तर अन्याय दुसऱ्यांदा होईल.

तिसरा आक्षेप राजकीय. एप्रिल २०२१मध्ये उजनीतून इंदापूरला पाच टीएमसी पाणी देण्याचा निर्णय झाला, सोलापुरात वादळ उठलं आणि मे महिन्यात तो रद्द झाला. त्या वादात ‘आमची गावं धरणात गेली’ हा युक्तिवाद जोरात आला. ओढीचा असा वापर होतो, होत राहणार. पण नेत्यांनी वापरलं म्हणून दुःख खोटं ठरत नाही. उलट ज्यांचं गाव खरोखर गेलं त्यांनाच पाणी मिळतंय का, हे तपासायला तोच युक्तिवाद लागतो.

धरण फोडून गाव परत द्या, असं कुणीही म्हणत नाही. मागणं साधं आहे. पाणी खाली गेलं की पळसदेवच्या देवळाची आणि वीरगळांची पुरातत्त्वीय नोंद व्हावी, तिथवर सुरक्षित वाट असावी. बुडालेल्या प्रत्येक गावाचा गाव नकाशा, घरांची यादी आणि आळ्यांची नावं नव्या ग्रामपंचायतीत लावावीत. हे काम लांबवता येत नाही. धरण भरलं तेव्हा जे विशीत होते, ते आज पासष्टी ओलांडून गेले आहेत.