छर्ऱ्याची बंदूक: निगा कुठवर, बदल कुठवर

अंबडच्या मत्स्योदरी देवीची नवरात्रातली यात्रा असो नाहीतर राजूरच्या गणपतीची अंगारकी, पाळण्यांच्या आणि खेळण्यांच्या गर्दीत एका फळ्यावर रंगीत फुगे टाचलेले असतात आणि समोर बाकावर एक जुनाट एअर गन पडलेली असते. जालना जिल्ह्यातल्या किती तरी लोकांच्या हातात आयुष्यातली पहिली बंदूक आली ती अशीच, जत्रेत. पुढे त्यातल्या काहींनी स्वतःची घेतली. कुणी हौसेखातर, कुणी मोसंबीच्या बागेत वानरं शिरतात म्हणून, कुणी पोरानं हट्ट धरला म्हणून. अशी बंदूक घरात आली की वर्षभरात दोन इच्छा जाग्या होतात. एक, तिची देखभाल घरीच करावी. दुसरी, तिचा जोर वाढवावा. पहिली इच्छा चांगली आहे आणि ती नीट पुरी करता येते. दुसरीपासून मात्र लांब राहायला हवं, आणि कायद्याची भीती हे त्याचं एकमेव कारण नाही.

आधी आत काय चालतं ते पाहू. घरोघरी असते ती बहुतेक वेळा नळी मोडून भरायची, स्प्रिंगची बंदूक. नळी खाली वाकवली की आतली जाडजूड स्प्रिंग दबते आणि दट्ट्या मागे जाऊन अडकतो. चाप ओढला की अडकण सुटते, स्प्रिंग दट्ट्याला पुढे फेकते, त्याच्यापुढची हवा क्षणात दाबली जाते आणि बारीकशा छिद्रातून छर्ऱ्यामागे घुसते. म्हणजे ही बंदूक हवा साठवून ठेवत नाही, प्रत्येक वेळी नव्यानं दाबते. दट्ट्याच्या तोंडाशी एक वॉशर असतो, जुन्या बंदुकीत चामड्याचा, नव्यात कृत्रिम. नळी आणि हवा दाबणारी कोठी जिथे जुळतात तिथे दुसरा छोटा वॉशर असतो. बंदूक ‘मेली’ अशी तक्रार येते तेव्हा दोष बहुधा या दोन वॉशरांत असतो. त्यातला छोटा तपासणं सोपं. सुरक्षित दिशेला नळी रोखून, छर्रा घालून, सांध्याजवळ पातळ कागदाचा कपटा ठेवून बार काढला आणि कपटा फडफडला, की हवा तिथून गळतेय हे समजावं. हा वॉशर काही रुपयांत येतो आणि घरी बसवता येतो.

तेलाच्या बाबतीत आपल्याकडे फार गोंधळ आहे. बंदूक जोरात चालत नाही म्हणून छिद्रातून सढळ हातानं तेल सोडलं जातं, आणि पुढचे काही बार खरोखरच कडाडून वाजतात, नळीतून धूरही येतो. मालक खूश होतो. आत काय झालं हे विहिरीवर डिझेलचं इंजिन चालवलेल्या शेतकऱ्याला सांगावं लागणार नाही. दाबलेली हवा इतकी तापते की तेलाची वाफ पेट घेते. इंजिन त्यासाठीच बनवलेलं असतं, बंदूक नव्हे. या स्फोटानं वॉशर जळतो, दट्ट्या उलटा आदळतो आणि स्प्रिंग तुटते. म्हणून कृत्रिम वॉशर असेल तर कोठीत तेल घालूच नये. चामड्याचा असेल तर मात्र त्याला ओलावा लागतो. आपल्याकडच्या मे महिन्यात चामडं वाळून कडक होतं. एअर गनसाठीच मिळणाऱ्या सिलिकॉन तेलाचे दोनतीन थेंब छिद्रातून सोडून, न भरलेली बंदूक रात्रभर उभी ठेवली की ते मऊ होतं. शिवणयंत्राचं तेल बिजागरीच्या खिळीला चालतं, तेही थेंबभर. खोबरेल तेल कुठेच नको. साधारण चोवीस अंशांखाली ते गोठतं, आणि जालन्यातल्या डिसेंबरच्या रात्री त्याहून कितीतरी थंड असतात.

नळीच्या साफसफाईचाही अतिरेक होतो. नळीच्या आतल्या आट्या छर्ऱ्याला गिरकी देतात, त्या गिरकीनं तो सरळ जातो. लोखंडी गज किंवा तारेचा ब्रश घातला की त्या आट्या खरचटतात आणि नेम कायमचा बिघडतो. नायलॉनच्या दोरीला सुती चिंधी बांधून ती मागून पुढे ओढून काढावी, बस. तेही नेम फाकू लागला तरच. नंतरचे काही बार पुन्हा इकडे तिकडे जातील, त्यानं घाबरून जाऊ नये. पावसाळ्यात बंदूक रेक्झीनच्या पिशवीत बंद ठेवू नये, ओल आत कोंडते आणि गंज धरतो. हात लावल्यावर लोखंडी भाग किंचित तेलाच्या फडक्यानं पुसावेत, कारण घामातलं मीठ गंजाला पुरेसं असतं.

तीन सवयी बंदुकीचं आयुष्य ठरवतात. छर्रा न घालता चाप ओढायचा नाही. समोर छर्रा नसला की हवेची गादी तयार होत नाही आणि दट्ट्या लोखंडावर लोखंड आपटतो. बंदूक ताणून ठेवून द्यायची नाही, स्प्रिंग बसते, शिवाय ते धोक्याचंही आहे. आणि नळी मोडलेली असताना ती एका हातानं घट्ट धरल्याशिवाय छर्रा घालायला बोट पुढे न्यायचं नाही. अडकण सटकली तर नळी विजेसारखी वर येते आणि बोट चेचतं. हीच नळी अशा फटक्यानं वाकतेही.

घरच्या कामाची हद्द मात्र स्प्रिंगपाशी संपते. न ताणलेल्या बंदुकीतही स्प्रिंग दाबून बसवलेली असते. मागचं टोपण नुसतं उघडलं की ते छातीत किंवा डोळ्यात येऊ शकतं. हे काम स्प्रिंग दाबून धरणारा शिकंजा असलेल्या जाणत्या कारागिराचंच.

आता जोराकडे येऊ. जालना हे लोखंडाचं शहर. सळयांच्या मिला, भट्ट्या, लेथवर काम करणारे हुशार हात इथे मुबलक आहेत. त्यामुळे जाड तारेची स्प्रिंग करून घ्यावी, छिद्र मोठं करून घ्यावं, असा मोह होणं मी समजू शकतो. पण गणित करून पाहा. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 170 मीटर वेगानं सुटला तर त्यात सुमारे सव्वासात ज्यूल ऊर्जा असते. तोच 280 मीटरनं सुटला तर जवळपास 20 ज्यूल. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. भारताच्या 2016 च्या शस्त्र नियमांनी रेषा नेमकी इथे आखली आहे: नळीचा व्यास 4.5 मिलिमीटरच्या आणि ऊर्जा 20 ज्यूलच्या आत असेल तरच परवान्यावाचून बंदूक ठेवता येते. आज दुकानात 20 ज्यूलच्या जवळ जाणाऱ्या बंदुका मिळतात. त्यात आणखी कडक स्प्रिंग घातली किंवा नळी बदलून 5.5 मिलिमीटरची बसवली, की कालपर्यंतची हौसेची वस्तू आज विनापरवाना शस्त्र ठरते. 1959 च्या शस्त्र कायद्यातली अग्निशस्त्राची व्याख्याच मुळी दारूपुरती नाही, ‘अन्य ऊर्जे’वर गोळी फेकणारं हत्यारही तीत येतं. एअर गन सवलतीवर जगते, आणि ही सवलत मालकाच्याच हातानं संपते.

कायदा बाजूला ठेवला तरी जोरानं काय मिळतं? स्प्रिंग जितकी कडक तितका झटका मोठा, बंदूक तितकी थरथरते आणि छर्रा नळीबाहेर पडण्याआधीच नेम हलतो. ऑलिंपिकच्या दहा मीटर एअर रायफलीत छर्रा सुटतो तो सेकंदाला साधारण 170 मीटरनं, म्हणजे आपल्या कायद्यानं दिलेल्या मुभेच्या निम्म्याहूनही कमी ऊर्जेनं. लक्ष्याच्या मधला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. एवढ्याशा जोरावर अंजली भागवत 2000 मध्ये सिडनीच्या अंतिम फेरीत पोचल्या, 2004 मध्ये सुमा शिरूर अथेन्सच्या. 2008 मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्रानं सुवर्ण जिंकलं आणि 2022 मध्ये कैरोत ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील जगज्जेता झाला. या खेळाडूंच्या रायफली स्प्रिंगच्या नसतात, दाबलेल्या हवेच्या नळकांड्यावर चालतात, झटका जवळजवळ नसतो. त्यांची सगळी मेहनत प्रत्येक छर्रा आधीच्या छर्ऱ्याइतक्याच वेगानं सुटावा यासाठी असते. त्या नळकांड्यालाही दहा वर्षांची मुदत असते, मग ते कितीही नवं दिसो.

घरी बदल करायचाच तर तो याच रायफलींकडे पाहून करावा. त्यांचा दस्ता खेळाडूच्या खांद्याच्या मापानं लांब-आखूड होतो, गालाखालची पट्टी वरखाली होते. आपल्याकडचा सुतार हे काम उत्तम करतो. बारा-चौदा वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाच्या मापाची बंदूक दिली की तो मान वाकडी करून नेम धरतो आणि चुकीचं शिकतो. खांद्याकडची पट्टी काढून दस्ता आखूड केला, गालाखाली फेल्टचा तुकडा चिकटवला, सैल झालेले स्क्रू आवळले, एकाच डब्यातले चांगले छर्रे वापरले, तर जो फरक पडतो तो कुठल्याही स्प्रिंगनं पडत नाही. चापाच्या आतल्या अडकणीला मात्र कानस लावू नये. हलका चाप करण्याच्या नादात ती झिजली की बंदूक नुसती टेकवली तरी सुटते.

नवख्या हाताचा धोका जुनाच आहे. आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेला असईची लढाई झाली ती 23 सप्टेंबर 1803 रोजी. त्याच्या तीनेक आठवडे आधी, तिकडे अमेरिकेत शोधप्रवासी मेरिवेदर लुईस आपल्या प्रसिद्ध मोहिमेवर निघाला होता. वाटेत थांबून त्यानं लोकांना आपली हवेची बंदूक दाखवली, स्वतः सात बार काढले आणि मग ती या बंदुकीची माहिती नसलेल्या एका माणसाच्या हातात दिली. बार अचानक सुटला, गोळी चाळीस यार्डांवरच्या एका बाईच्या टोपीतून गेली आणि तिच्या कानशिलाला जखम झाली. ती वाचली. लुईसनं रोजनिशीत पहिल्याच दिवशी हे लिहून ठेवलं आहे.

शेतकरी मित्रांशी एका गोष्टीवर मोकळेपणानं बोलायला हवं. रोही, रानडुकरं, वानरं यांनी केलेलं नुकसान खरं आहे आणि रात्रभर जागल करणाऱ्या माणसाचा राग मला कळतो. पण छर्ऱ्यानं वानर मरत नाही. ते जखमी होतं, जखम चिघळते आणि ते आठवडाभर तडफडतं. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा, त्यात जखमी करणं हीसुद्धा शिकारच. पोपट, मोर, तितर यांच्याबाबतही तेच. ज्वारी राखायला आपल्या आज्यांनी माळ्यावर बसून गोफण वापरली ती पाखरं उठवायला. नुकसानीची भरपाई मिळण्याची सोय वन विभागाकडे आहे, त्यासाठी वेळेत अर्ज आणि पंचनामा लागतो. अरुणाचल प्रदेशात 2021 पासून सरकारनं आवाहन केल्यावर गावोगावच्या लोकांनी दोन हजारांवर एअर गन आपणहून जमा केल्या, कारण त्यांच्या रानातली पाखरं संपत चालली होती.

सरावासाठी लाकडी खोकं घ्या, त्यात वाळूनं भरलेलं गोणपाट ठेवा, पुढे कागदी लक्ष्य लावा आणि मागे पक्की भिंत असू द्या. छर्रा शिशाचा असतो, सराव संपला की हात साबणानं धुवा, आणि छर्रा दातांत धरायची सवय मुलांना लागू देऊ नका. नेम धरणाऱ्याच्या आणि बघणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा हवा.

आणि घरात आजोबांच्या वेळची एखादी बंदूक माळ्यावर पडून असेल, तर ती पोरांच्या हाती लागण्याआधी आज खाली काढा. ती भरलेली आणि ताणलेली आहे असं धरूनच हाताळा, चापाला बोट लावू नका, नळी माणसापासून दूर ठेवा आणि जाणत्याला दाखवून मोकळी करून घ्या. मग कुलपात ठेवा.