दोन बोटांचा ब्लूज

जॅझ पियानो शिकायचा म्हटलं की बहुतेक जण आधी पुस्तक आणतात. त्यात कॉर्डची ढीगभर नावं, स्केलचे तक्ते, रोमन आकडे. महिनाभरात वही भरते, पण एक ओळ वाजत नाही. नवशिक्याने सुरुवात बारा बारच्या ब्लूजपासून करावी, आणि तीही डाव्या हाताच्या दोन बोटांनी, असं माझं ठाम मत आहे. पेटी-तबला कानावरून गेलेल्या माणसाला ही वाट अजिबात परकी वाटणार नाही.

ब्लूजचा साचा अगदी सरळ आहे. एका बारमध्ये 4 मात्रा, असे 12 बार, म्हणजे 48 मात्रांचं आवर्तन. पांढरी एकला सा धरला, तर पहिले चार बार सी सेव्हन, पुढचे दोन एफ सेव्हन, दोन सी सेव्हन, मग एक बार जी सेव्हन, एक एफ सेव्हन आणि शेवटचे दोन पुन्हा सी सेव्हन. मग परत पहिल्यापासून. वादक कल्पनेत कितीही दूर गेला तरी हे आवर्तन आतून चालूच असतं.

या प्रत्येक कॉर्डमध्ये चार स्वर असतात, पण चारही वाजवायची गरज नाही. मूळ स्वर बासवाला देतो. पाचव्या स्वरावाचून फारसं अडत नाही. कॉर्डची खरी ओळख तिसऱ्या आणि सातव्या स्वरात असते. सी सेव्हनमध्ये हे दोन स्वर म्हणजे ग आणि कोमल नि. मधल्या सा-च्या लगेच खालचे हे दोन स्वर डाव्या हाताने एकत्र दाबा. आता दोन्ही बोटं एकेक अर्धस्वर खाली सरकवा. कोमल ग आणि ध लागतील, आणि तो झाला एफ सेव्हन. मूळ जागी परत या, तिथून अर्धस्वर वर जा. म आणि शुद्ध नि, हा जी सेव्हन. अख्खा ब्लूज इतक्यात झाला.

हे जमतं कसं? ग आणि कोमल नि यांच्यातलं अंतर सहा अर्धस्वरांचं आहे, सप्तकाच्या बरोबर निम्मं. त्यामुळे दोन स्वरांच्या भूमिका सहज उलटतात. सी सेव्हनमध्ये खालचा स्वर तिसरा आणि वरचा सातवा. एफ सेव्हनमध्ये खालचा सातवा आणि वरचा तिसरा. हात जागचा फारसा हलत नाही आणि कान मात्र पूर्ण बदललेला रंग ऐकतो. जॅझमधली ही गोष्ट मला अतिशय सुंदर वाटते.

खरी मेहनत लयीची. एका मात्रेत दोन स्वर वाजवायचे असतील तर ते समान वाटायचे नाहीत. मात्रेचे तीन भाग करा. पहिला स्वर दोन भाग धरा, दुसरा तिसऱ्या भागावर टाका. यालाच स्विंग म्हणतात. लय वाढत जाते तसा दोन स्वरांमधला हा फरक कमी होतो. मेट्रोनोमचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतोय असं समजून वाजवा. समेवर टाळी द्यायची सवय असलेल्या आपल्या हातांना हे सुरुवातीला फार जड जातं. आधी नुसती टाळी देऊन पाहा.

उजव्या हातासाठी ड्यूक एलिंग्टनचा ‘सी जॅम ब्लूज’ घ्या. त्याची धून फक्त दोन स्वरांची आहे, प आणि सा. एलिंग्टनच्या वाद्यवृंदाचं 1942 चं ध्वनिमुद्रण ऐकलं की कळतं, सगळी गंमत ते स्वर कुठे टाकले यात आहे. मग त्याच आवर्तनात सा, कोमल ग, म, तीव्र म, प, कोमल नि एवढेच स्वर घेऊन स्वतःची छोटी वाक्यं रचा. दोन वाक्यांमध्ये जागा सोडा. काउंट बेसी हे मोजक्या स्वरांत वाजवणारे थोर पियानोवादक. त्यांच्या वादनात मोकळी जागाही ठेक्यात असते.

स्विंग कागदावर नीट लिहिता येत नाही, तो ऐकूनच येतो. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून नोटेशन पक्कं करून मुंबईत आलेल्या वादकांनाही तो रेकॉर्डवरून आणि 1930 च्या दशकात ताजमहाल हॉटेलात वाजवणाऱ्या अमेरिकन पियानोवादक टेडी वेदरफोर्ड यांच्यासारख्या कलावंतांकडून घ्यावा लागला. याच पिढीतले गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट पुढे संगीतकार सी. रामचंद्र यांच्यासोबत होते. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ चित्रपटाची गाणी या कानाने पुन्हा ऐका.

न्यूयॉर्कचे अंध पियानोवादक लेनी ट्रिस्टानो विद्यार्थ्यांना लेस्टर यंग, चार्ली पार्कर या सॅक्सोफोनवादकांचे सोलो आधी गायला लावत. आपल्याकडच्या तालमीची हीच रीत. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 1959 च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बममधला ‘फ्रेडी फ्रीलोडर’ हा ब्लूजच आहे, आणि त्यातला पहिला सोलो विंटन केली यांच्या पियानोचा. त्यातला एक बार निवडा, गळ्यातून नेमका निघेपर्यंत गा, मगच पट्ट्यांवर शोधा.

बाकीच्या कॉर्ड, इतर सूर, ‘ऑटम लीव्ह्ज’सारखी गाणी, सगळं यथावकाश येईल. आधी हे 48 मात्रांचं आवर्तन दहा मिनिटं न थांबता चालवता आलं पाहिजे. मध्ये स्वर चुकला तर मागे जाऊन दुरुस्त करू नका, पुढच्या बारच्या पहिल्या मात्रेवर हजर व्हा. उद्या सोबत ड्रम आणि बास असतील, तेव्हा ते तुमच्यासाठी थांबणार नाहीत.