मागावरून सुटलेल्या रेषा

शिवथरच्या खोऱ्यात भात निघालं की उतारावर खाचरांचे बांध तेवढे उरतात. एकाखाली एक, नुसत्या रेषा. आपल्याच रायगड जिल्ह्यात, पण पार समुद्राच्या अंगाला, अलिबागजवळ किहीम आहे. तिथे १९९० मध्ये ज्यांनी अखेरचा श्वास घेतला, त्या चित्रकार नसरीन मोहमदी यांनी पुढच्या काळात अशा रेषांपलीकडे फारसं काही काढलंच नाही.

जन्म १९३७ चा, कराचीचा. आई लहानपणीच गेली. फाळणीआधीच कुटुंब मुंबईला आलं. पुढे लंडनच्या सेंट मार्टिन्समध्ये शिक्षण आणि मधूनमधून बहरीन. तिथे वडिलांचं फोटोग्राफीच्या सामानाचं दुकान होतं. आखातातल्या पैशावर चूल पेटणाऱ्या आपल्याकडच्या घरांना ही ये-जा नवी नाही. नसरीन तिथून वाळवंट घेऊन आल्या. वाळू, पाणी, क्षितिज, सगळं कॅमेऱ्यात आणि रोजनिशीत.

मागावर ताणलेल्या सुताचेही फोटो त्यांनी काढले. हातमागावर उभा ताणा सारखा ओढलेला नसेल, तर आडवा बाणा कितीही जपून घाला, कापड बिघडतंच. १९७२ पासून त्या बडोद्याला शिकवत होत्या. त्या काळातली त्यांची शाई-पेन्सिलीची चित्रं म्हणजे अशीच उभ्या-आडव्या रेषांची वीण. मुसलमान चित्रकार म्हटलं की लोक वेलबुट्टी शोधतात, नाहीतर सुलेखन. इथे दोन्ही नाही. पुढे तर वीणही सुटली आणि मोजक्या तिरक्या रेषा कोऱ्या कागदावर तरंगू लागल्या. एकेक गोष्ट कमी करत जाण्याची ही ओढ रोजेदाराला तरी वेगळी समजावून सांगावी लागू नये.

सरळ रेषेला स्थिर हात लागतो. नसरीन यांना जडलेल्या मज्जासंस्थेच्या आजाराने हळूहळू नेमका तोच ताबा हिरावून घेतला. तरी आखणीची साधनं हाती धरून त्या काढत राहिल्या. शेवटच्या वर्षांतल्या रेषांत थरथर शोधून सापडत नाही.

हयातीत त्यांचं नाव चित्रकारांच्या वर्तुळाबाहेर फारसं गेलं नाही. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 'मेट ब्रॉयर' ही नवी शाखा उघडली, तेव्हा पहिल्या प्रदर्शनांत एक नसरीन यांचं होतं. त्यांनी मात्र चित्रांना नावं दिली नव्हती. बहुतेकांवर तारीखही नाही.