बंदिस्त प्रजनन आणि भीमेच्या खोऱ्यातील कासव

घोडेगावाजवळून वाहणारी घोड नदी पुढे भीमेस मिळते. या खोऱ्याचा कासवांच्या अभ्यासाशी जुना संबंध आहे. इ. स. १८७२ मध्ये जॉन एडवर्ड ग्रे यांनी पुण्याच्या नमुन्यावरून मऊ पाठीच्या ज्या कासवाचे वर्णन केले, तेच लीथचे कासव होय. आज ही जाती अतिसंकटग्रस्त गणली जाते. २०२२ मध्ये पनामा येथील परिषदेत तिला आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या पहिल्या सूचीत घालण्यात आले. अशा जातीची पैदास बंदिवासात करावी काय, हा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो.

या बाबतीत गालापागोस द्वीपसमूहातील एस्पान्योला बेटाचे उदाहरण उद्‌बोधक आहे. तेथे १९६३ ते १९७४ या काळात भूकासवांच्या अवघ्या बारा माद्या व दोन नर हाती लागले. पुढे सान दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातून तिसरा नर आणला गेला. या पंधरा जीवांपासून सुमारे दोन हजार संतती बेटावर परतली, आणि २०२० मध्ये मूळ पंधरा कासवेही स्वगृही सोडण्यात आली.

तथापि संख्या वाढली म्हणजे जाती सावरली, असे नव्हे. नर व माद्या यांच्या संख्यांच्या गुणाकाराची चौपट करून तीस त्यांच्या बेरजेने भागले असता प्रभावी संख्या मिळते. येथे ती केवळ ९·६ येते. त्यातही बहुतेक सर्व पितृत्व दोनच नरांकडे गेल्याने प्रत्यक्ष आनुवंशिक वैविध्य याहूनही मर्यादित राहिले. शिवाय बेटावरील शेळ्यांचे १९७८ मध्ये उच्चाटन झाले नसते, तर हे श्रम व्यर्थ गेले असते.

येथील पद्धती जशीच्या तशी उचलणेही योग्य नव्हे. गालापागोसच्या भूकासवांत पिलाचे लिंग अंडी उबवण्याच्या तापमानावर ठरते. म्हणून तेथे अधिक माद्या मिळविता आल्या. मऊ पाठीच्या कासवांत लिंग गुणसूत्रांवर अवलंबून असते. तेथे हा उपाय चालत नाही.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पैदाशीसाठी मूळ जोड्या निरनिराळ्या प्रवाहांतून व जाती अगदी विरळ होण्यापूर्वीच घेतल्या पाहिजेत. आणि डिंभे धरणासारख्या बांधकामांनी ज्यांचा प्रवाह बदलला, त्या नद्यांच्या काठी अंडी घालण्याजोगी जागा व शिकारीपासून अभय यांची हमी आधी मिळाली पाहिजे. सोडण्यास नदीच उरली नाही, तर प्रजननकेंद्र हे केवळ संग्रहालय ठरेल.