तळलेल्या बटाट्याला घरचा पर्याय: रताळं आणि सुरण



महाशिवरात्र जवळ आली. रताळ्याची काढणी, भरणी जोरात चालू आहे. मोठा आणि सरळ माल गाडीत जातो. बारीक, वाकडा, कुदळ लागलेला माल बांधावर नाहीतर गोठ्यापाशी पडून राहतो. आणि उपवासाच्या दिवशी त्याच घरात दुकानातून बटाट्याचे वेफर्स आणि तळलेला चिवडा येतो. आजचा सल्ला याच विषयावर आहे. मेसेज मोठा आहे, पण पूर्ण वाचा. शेवटी जनावरांबाबत एक महत्त्वाची सूचना आहे.

*आधी पैशाचा हिशेब*
वेफर्सच्या पाकिटावर वजन लिहिलेलं असतं, ते बघा. १० रुपयांच्या पाकिटात २५ ग्रॅम माल असेल तर किलोला ४०० रुपये पडले. एक किलो वेफर्सला साधारण साडेतीन ते चार किलो बटाटा लागतो. आपण रताळं आणि बटाटा किलोला काय भावाने दिला, ते तुमच्या वहीत आहेच. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा.

*बटाट्याचा दोष किती, तळणाचा किती?*
उकडलेल्या बटाट्यात १०० ग्रॅमला साधारण ८५ ते ९० कॅलरी असतात आणि तेल जवळजवळ नसतंच. तोच बटाटा फ्रेंच फ्राईज करून तळला की आकडा ३०० च्या आसपास जातो. वेफर्स केले तर ५०० च्या वर. वेफर्सच्या वजनात जवळपास एक तृतीयांश तेलच असतं.

हे असं का होतं? कच्च्या बटाट्यात साधारण ८० टक्के पाणी असतं. गरम तेलात ते वाफ होऊन बाहेर पडतं आणि मोकळ्या झालेल्या जागेत तेल शिरतं. काप जितका पातळ, तितकं तेल जास्त.

दुसरी गोष्ट. पिठूळ पदार्थ १२० अंशांच्या वर कोरडे तापले, तळले किंवा करपले की त्यात ॲक्रिलामाइड नावाचा घटक तयार होतो. २००२ साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी तो खाण्याच्या पदार्थांत दाखवून दिला. माणसाला कॅन्सर होण्याची शक्यता वाढवणाऱ्या संशयित पदार्थांच्या यादीत तो आहे. रंग जितका गडद तपकिरी, तितका तो जास्त. पाण्यात उकडताना किंवा वाफवताना तापमान तेवढं चढत नाही, म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही.

*मग रताळं तळलं तर चालेल का?*
नाही. तेल तेवढंच पितं. शिवाय रताळ्यात साखर जास्त, त्यामुळे ते लवकर लाल होतं आणि करपतं. नुसतं पीक बदलून उपयोग नाही, करायची पद्धत बदलायला हवी.

*घरी करायच्या चार पद्धती*

१) *उकडून:* रताळी सालासकट स्वच्छ धुवा. कुकरमध्ये तळाला पाणी, वर चाळणी आणि चाळणीवर रताळी. मध्यम आकाराला दोन-तीन शिट्ट्या पुरतात. पाण्यात बुडवून उकडली तर चव आणि काही जीवनसत्त्वं पाण्यात उतरतात. उपवासाला वरून सैंधव, जिरेपूड आणि लिंबू.

२) *कीस:* रताळं किसून कढईत एक चमचा तूप, जिरं, हिरवी मिरची, मग कीस घाला. झाकण ठेवून मंद आचेवर वाफ काढा, शेवटी दाण्याचा कूट. चार माणसांना एक ते दीड चमचा तूप पुरतं. थोडं तूप-तेल हवंच, कारण केशरी रताळ्यातलं कॅरोटीन अंगी लागायला स्निग्ध पदार्थ लागतो.

३) *सुरणाचे काप:* हाताला तेल लावून सुरण सोला. अर्ध्या बोटाएवढ्या जाडीचे काप करा. चिंच किंवा आमसुलाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, मग त्याच पाण्यात नरम होईपर्यंत शिजवून पाणी टाकून द्या. सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक कण असतात, ते टोचून घशाला खाज येते. म्हणून आंबट पाणी आणि पूर्ण शिजवणं, दोन्ही टाळू नका. शिजलेल्या कापांना तिखट, हळद, मीठ लावून तांदळाच्या पिठात घोळवा आणि तव्यावर दोन चमचे तेलात दोन्ही बाजूंनी परता. मुलं हे वेफर्ससारखेच खातात. गजेंद्र वाणाचा सुरण असेल तर खाज कमी असते.

४) *मडक्यात किंवा आरात:* रायगडकडची पोपटी बऱ्याच जणांनी ऐकली असेल. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, कांदे, तोंड पाल्याने बंद आणि बाहेरून जाळ. ना पाणी, ना तेल. आपल्याकडे चुलीच्या आरात रताळं भाजतात तेही चांगलं. फक्त काळं झालेलं साल काढून खा.

*घरात शुगरचा पेशंट असेल तर*
रताळं गोड म्हणून पूर्ण बंद करायची गरज नसते, पण प्रकार आणि प्रमाण बघावं लागतं. रताळं हळूहळू तापलं की त्यातल्या पिठाची साखर होते, म्हणून भाजलेलं रताळं जास्त गोड लागतं आणि रक्तातली साखरही लवकर चढवतं. उकडलेलं त्या मानाने सावकाश चढवतं. एक मध्यम रताळं खाल्लं तर तेवढी भाकरी किंवा भात कमी करा. उपवासाला साबुदाण्याची खिचडी आणि वर रताळं असं दोन्ही एकदम नको. जोडीला दही किंवा शेंगदाणे घ्या. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपवास करायचा की नाही हे आधी डॉक्टरांना विचारा. किडनीचा त्रास किंवा मुतखडा असणाऱ्यांनी सुरण, बीट, रताळी किती खायची हेही त्यांनाच विचारावं.

*माल टिकवायचा कसा*
✅ घरी ठेवायची रताळी धुवू नका. माती हाताने झटका.
✅ सावलीत, हवेशीर पण उबदार जागी ५ ते ७ दिवस पसरून ठेवा. ३० अंशांच्या आसपास आणि थोडी दमट हवा असेल तर काढणीच्या जखमा भरून साल घट्ट होतं आणि माल जास्त दिवस टिकतो.
✅ खोल कापलेली रताळी वेगळी काढा आणि ती आधी खा.
❌ फ्रीजमध्ये ठेवू नका. थंडीने आतला गाभा कडक राहतो, शिजवूनही नरम पडत नाही.

*पुढच्या लागवडीसाठी*
घरच्या खाण्यापुरता एखादा वाफा केशरी गराच्या वाणाचा करा. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेचं भू सोना हे वाण आहे, त्यात १०० ग्रॅमला सुमारे १४ मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन असतं. शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व बनवतं. पांढऱ्या गराच्या रताळ्यात ते अगदी कमी असतं. बेणं हवं असल्यास गटप्रमुखांकडे नाव द्या. किती जणांची मागणी आहे ते बघून चौकशी करू.

⚠️ *महत्त्वाचं: जनावरांसाठी*
बुरशी आलेली, काळी पडलेली, सडकी रताळी गाई-म्हशींना घालू नका. अशा रताळ्यात तयार होणारं विष जनावराच्या फुफ्फुसावर जातं. धाप लागते, तोंड उघडून श्वास घेतात, आणि जनावर दगावू शकतं. उकळून दिलं तरी हे विष जात नाही. सोंड्या भुंग्याने पोखरलेलं, कडू लागणारं रताळं माणसानेही खाऊ नये. असा माल गोठ्यापासून लांब, खोल खड्ड्यात पुरा. जनावराला चुकून खायला गेलं आणि धाप दिसली तर लगेच पशुवैद्यकीय डॉक्टरांना फोन करा, सकाळची वाट बघू नका. बारीक पण निरोगी रताळी मात्र खुशाल घाला, तुकडे करून आणि थोडी थोडी.

हा मेसेज घरात जे स्वयंपाक करतात त्यांनाही वाचून दाखवा. तुमच्याकडे रताळं, सुरण, करांदे कमी तेलात करायची पद्धत असेल तर व्हॉईस मेसेज करून पाठवा. आलेल्या पद्धती पुढच्या सल्ल्यात सगळ्यांना पाठवू.

– आपला कृषी सल्लागार
शेतकरी उत्पादक कंपनी