मागचा दिवा पाणी पितो तेव्हा

जुलैमधली संध्याकाळ. घोडबंदर रस्त्यावर कापूरबावडीपासून मानपाड्यापर्यंत गाड्यांची रांग लागलेली. दुपारभर उघडीप होती, पत्रा तापलेला आहे. गाडी दोन हात पुढे सरकते आणि पुन्हा थांबते. चालकाचा पाय ब्रेकवरून उठत नाही, त्यामुळे मागचे लाल दिवे मिनिटेच्या मिनिटे पेटलेलेच. तेवढ्यात सर कोसळते. दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीत गाडी पुसताना लक्षात येते, की डाव्या टेल लाइटच्या लाल काचेआड बोटभर पाणी साचले आहे. गाडी हलवली की तेही डुचमळते.

ही गाडी पुरात सापडली नव्हती, की साचलेल्या पाण्यातून गेली नव्हती. मग चहूबाजूंनी बंद दिसणाऱ्या दिव्यात पाणी शिरले कुठून? ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतल्या गॅरेजमध्ये पावसाळाभर ऐकू येणारा हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर असे, की दिवा पूर्ण बंद नसतोच आणि कोंडी व सर यांची जोडी जमली की तो चक्क पाणी ओढून घेतो.

दिव्याचा श्वास

टेल लाइट म्हणजे मागे प्लास्टिकचा खोका आणि पुढे लाल-पिवळे पारदर्शक प्लास्टिक, ज्याला आपण सवयीने काच म्हणतो. मध्ये बल्ब किंवा एलईडीची पट्टी आणि बाकी हवा. ब्रेकचा बल्ब साधारण २१ वॅटचा असतो आणि त्यातली ९० टक्क्यांहून अधिक ऊर्जा प्रकाशात नव्हे, उष्णतेत जाते. आतली हवा तापते, तापली की पसरते. हवा २५ अंश सेल्सिअसवरून ५५ अंशांवर गेली, तर तिचे आकारमान सुमारे १० टक्क्यांनी वाढते. दिव्यात एक लिटर हवा धरली, तर १०० मिलिलिटर हवेला बाहेर जावेच लागते. ती जाऊ दिली नाही, तर जोडावर ताण येऊन तो उघडेल. म्हणून कारखान्यातच दिव्याला श्वास घेण्याची वाट ठेवलेली असते.

जुन्या दिव्यांत ही वाट म्हणजे खाली वळवलेली छोटी रबरी नळी किंवा टोपी असे. नव्या दिव्यांत बहुधा एक पातळ पांढरा पडदा असतो. चांगल्या रेनकोटच्या कापडात असतो त्याच जातीचा. त्याची छिद्रे पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पटींनी लहान, पण वाफेच्या रेणूपेक्षा शेकडो पटींनी मोठी असतात. हवा आणि बाष्प ये-जा करतात, थेंब बाहेरच राहतो.

आता सर कोसळते त्या क्षणाकडे येऊ. तापलेल्या दिव्यावर गार पाणी पडते आणि आतली उरलेली हवा झपाट्याने आकसते. श्वासाची वाट मोकळी असेल, तर बाहेरची हवा आत येऊन हिशेब मिटतो. पण ती वाट चिखलाने, धुळीने किंवा गाडी धुताना लावलेल्या पॉलिशने बुजलेली असेल, तर? हवा ५५ अंशांवरून २५ अंशांवर आली की आतला दाब सुमारे नऊ टक्क्यांनी घटतो. ऐकायला हा आकडा किरकोळ वाटतो, पण एवढी ओढ सुमारे ९० सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी चढवू शकते. मग दिवा जिथून मिळेल तिथून ओढतो. होल्डरभोवतीच्या थकलेल्या रबरातून, काच जिथे चिकटवली आहे त्या सांध्यातून, पार्किंगमध्ये लागलेल्या हलक्या धक्क्याने पडलेल्या केसाएवढ्या तड्यातून. आणि त्या वेळी त्या तड्यावर असते ते पावसाचे पाणी.

बाजारात बाहेरून बसवण्याचे एलईडी दिवे मिळतात. त्यांच्या खोक्यावर ‘आयपी ६७’ असे लिहिलेले दिसते. एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास ठेवूनही नुकसान होईल इतके पाणी आत शिरले नाही, असा त्यातल्या सातचा अर्थ. मात्र या चाचणीत वस्तू आणि पाणी यांच्या तापमानात पाच अंशांहून अधिक फरक नसावा, असे मानक सांगते. कोंडीत तापलेल्या दिव्यावर सर पडते तेव्हा हा फरक कितीतरी मोठा असतो. म्हणून खोक्यावरचा आकडा खरा असूनही दिव्यात पाणी दिसू शकते.

थेंबाचा हिशेब

दिव्यात दिसणारा प्रत्येक ओलावा म्हणजे बिघाड नव्हे. पावसाळी पहाटे काचेच्या आतल्या बाजूला धुके धरते आणि दिवा लावून थोडे अंतर गेले की विरते. हा दिव्याचा साधा श्वास आहे. मग वाफ कोणती आणि गळती कोणती, हे कसे ओळखायचे?

इथे साधे गणित कामाला येते. ३० अंश तापमानाची, बाष्पाने पूर्ण भरलेली एक लिटर हवा घेतली, तर तिच्यात पाणी असते सुमारे ३० मिलिग्रॅम. पाण्याच्या एका थेंबाचे वजन साधारण ५० मिलिग्रॅम. म्हणजे दिव्यातली सगळी हवा पिळून काढली, तरी एक थेंबही पुरा होत नाही! एवढेसे पाणी काचेवर पसरले की भरपूर धुके दिसते, पण ते ओघळून तळाशी साचू शकत नाही. चमचाभर, म्हणजे पाच मिलिलिटर पाणी जमायचे, तर दीडशेहून अधिक लिटर हवा पूर्ण कोरडी करावी लागेल.

म्हणून कसोटी सोपी आहे. नुसते धुके असेल आणि ते दिवा लावल्यावर किंवा ऊन लागल्यावर तासाभरात जात असेल, तर काळजी नको. एलईडीचा दिवा बल्बइतका तापत नाही, तिथे थोडा अधिक वेळ लागेल. पण थेंब ओघळत असतील, तळाशी पाण्याची रेघ दिसत असेल किंवा धुके दोन-तीन दिवस जागचे हलत नसेल, तर पाणी बाहेरून आले आहे. ‘पावसाळ्यात होतंच असं’ म्हणून ते सोडून देऊ नये.

आधी हिरवा गंज, मग अंधार

साचलेले पाणी पहिला घाव घालते तो बल्बवर. तापलेल्या काचेवर गार थेंब उडाला की ती तडकते. पण हा बिघाड त्यातल्या त्यात बरा. नवा बल्ब बसवला की झाले. खरे नुकसान हळूहळू होते. होल्डरमधल्या तांब्या-पितळेच्या पट्ट्यांवर हिरवा थर चढतो आणि वीजप्रवाहाला अडथळा होतो. पाण्यात थोडे क्षार असले की १२ व्होल्टवरही विद्युत्-विघटन सुरू होते आणि धातू झिजत जातो. हे शहर खाडीकाठचे. ठाण्याची खाडी असो वा कल्याणला दुर्गाडीपाशी रुंदावणारी उल्हास, खारी हवा गंजाला घाई करते.

मग गाडी विचित्र वागू लागते. इंडिकेटर लावला की शेजारचा टेल लाइटही उघडझाप करतो. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो. गॅरेजवाला दिवा न उघडताच म्हणतो, ‘अर्थिंग गेलंय.’ तो बरोबर असतो. परतीचा रस्ता गंजाने बंद झाला, की वीज शेजारच्या बल्बमधून वाट काढते. एलईडीच्या पट्टीवर तर ओलाव्यामुळे दोन जोडांमध्ये धातूचे सूक्ष्म तंतू वाढतात आणि एक दिवस शॉर्टसर्किट होते. त्यात फ्यूज उडाला, तर त्याच फ्यूजवरचे इतर दिवेही जातात.

फारशी चर्चा न होणारा एक धोका परावर्तकाचा आहे. टेल लाइटच्या लाल प्लास्टिकचा काही भाग मागच्या गाडीचा प्रकाश परत फेकतो. गाडी बंद पडली, बॅटरी उतरली, तरी अंधारात ती दिसते ती याच्यामुळे. त्या प्लास्टिकच्या आतल्या बाजूला बारीक कोपऱ्यांची नक्षी असते. प्रकाश त्यात तीनदा उसळतो आणि आला त्याच दिशेने परत जातो. यात आरसा नसतो. शाळेत शिकलेले पूर्ण आंतरिक परावर्तन हे काम करते. प्लास्टिकमागे हवा असेल, तर ४२ अंशांहून तिरपा आलेला प्रकाश बाहेर न पडता आत परततो. या कोपऱ्यांवर तो साधारण ५५ अंशांनी आदळतो, म्हणून सगळा परततो. पण नक्षीमागे हवेऐवजी पाणी आले, तर ही मर्यादा ४२वरून ६३ अंशांवर जाते. ५५ अंशांचा प्रकाश आता आरपार निघून जातो आणि परावर्तक जवळपास विझतो. मुंब्रा बायपासवर रात्री बंद पडलेल्या गाडीला मागून अवजड ट्रेलर येत असताना याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको.

चालकाला न दिसणारा दिवा

हेडलाइट गेला, तर चालकाला लगेच कळते. टेल लाइट मात्र त्याला कधीच दिसत नाही. अनेक गाड्यांत इंडिकेटरचा बल्ब गेला की टिकटिक जलद होते, एवढीच काय ती सूचना. ब्रेकचा दिवा गेला, तर तेवढीही नाही. काही गाड्यांत मागच्या काचेजवळ तिसरा ब्रेक लाइट असतो, त्याचा आधार मिळतो. दुचाकीला बहुधा मागे एकच दिवा. तो गेला की मागे पूर्ण काळोख.

तपासणीचे म्हणावे, तर पीयूसी फक्त धुराची होते. रिक्षा, टॅक्सी, टेम्पो यांना ठरावीक काळाने योग्यता प्रमाणपत्रासाठी जावे लागते आणि तिथे दिवे पाहिले जातात. खासगी गाडीची नोंदणी मात्र १५ वर्षांची असते. एमएच-०४ किंवा एमएच-०५ची नवी कोरी पाटी लागल्यापासून १५ पावसाळे मागचा दिवा पाहण्याची जबाबदारी मालकाचीच. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार अंधारात मागे लाल दिवा हवाच, पण तो जळतो की नाही हे रोज पाहायला कोणी येत नाही.

केंद्र सरकारच्या रस्ते अपघात अहवालानुसार २०२२मध्ये देशातल्या अपघातांपैकी सुमारे पाचवा हिस्सा मागून धडक बसण्याचा होता. त्यामागे वेग, अंतर न राखणे अशी अनेक कारणे असतात आणि सगळा दोष दिव्यांवर टाकता येणार नाही. पण मागच्या चालकाला मिळणारा प्रत्येक क्षण मोलाचा असतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते. ब्रेकचा इशारा अर्धा सेकंद उशिरा कळला, तरी सात मीटर निघून जातात. कल्याण-शीळ रस्त्यावर, कोसळत्या पावसात, एवढे अंतर दोन गाड्यांमध्ये नसतेही.

काय करावे, काय टाळावे

पाणी दिसले की दिवा उतरवावा. बहुतेक गाड्यांत डिकी उघडून दोन-तीन नट किंवा स्क्रू काढले की तो निघतो. पाणी ओतून, दिवा उघडा ठेवून सावलीत वाळवावा. हेअर ड्रायर वापरलाच, तर लांबून आणि कमी आचेवर, नाहीतर प्लास्टिक वाकते. मग तीन जागा पाहाव्यात. होल्डरचे रबर, काचेचा सांधा आणि श्वासाची वाट. बुजलेली वाट मोकळी करणे हाच पुष्कळदा अर्धा इलाज असतो. दिव्यामागचे गॅस्केट कडक झाले असेल, तर बदलावे. तिथून शिरलेले पाणी डिकीत उतरून स्टेपनीखाली साचते आणि पत्रा आतून कुजवते.

दोन जुगाड मात्र टाळलेले बरे. पहिला, दिव्याला तळाशी भोक पाडणे. पाणी निघून जाते खरे, पण चाकांनी उडवलेला चिखल त्याच वाटेने आत येतो. दुसरा, सगळीकडे सिलिकॉन फासणे. श्वासाची वाटच बंद झाली की ओढ वाढते आणि पाणी दुसरी कमकुवत जागा शोधते. शिवाय व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन सुकताना अ‍ॅसेटिक आम्ल सोडते, त्याने तांबे गंजते. बिनवासाचे ‘न्यूट्रल’ सिलिकॉन आणि तेही फक्त तड्यापुरते वापरावे. फ्यूज वारंवार उडतो म्हणून जास्त अँपिअरचा टाकणे तर वायरिंग जाळण्याला आमंत्रण.

पुरात बुडालेल्या गाडीची गोष्ट वेगळी. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच प्रलयात उल्हास नदीनेही काठ सोडले होते. अशा पाण्यातून निघालेल्या गाडीत गाळ वायरिंगभर पसरलेला असतो. तिथे दिवा वाळवून भागत नाही. बॅटरीची तार काढून गाडी जाणकाराकडे सोपवावी.

रोजच्या गाडीसाठी मात्र एक मिनिट पुरते. रात्री गाडी लावताना भिंतीकडे पाठ करून थांबावे आणि एकेक करून टेल लाइट, ब्रेक आणि दोन्ही इंडिकेटर लावून आरशात पाहावे. भिंतीवर दोन्ही बाजूंना सारखा लाल उजेड पडला, तर ठीक. भिंत नसेल, तर सोसायटीच्या वॉचमनला ‘मागे बघा हो जरा’ म्हणावे. तो दिवा आपल्यासाठी नसतोच, मागून येणाऱ्यासाठी असतो. त्यामुळे तो कसा आहे, हे कुणीतरी मागे उभे राहूनच सांगू शकते.