हवा तिथे थांबणारा दिवा

अभ्यासाच्या टेबलावरचा वाकणारा दिवा हवा तिथे ओढा आणि सोडा, तो तिथेच थांबतो. ना खटका, ना स्क्रू आवळायची कटकट. ही करामत जॉर्ज कार्वर्डाइन या इंग्रज अभियंत्याची, १९३२ सालची. गृहस्थ मुळात मोटारींच्या सस्पेन्शनमधले.

दिव्याची दांडी आडवी होत जाते, तसतसा दिव्याचा भार तिला जास्तच खाली फिरवू पाहतो. त्याच वेळी स्प्रिंग ताणली जाते आणि तिची वरची ओढही तेवढीच वाढते. खरी गोम स्प्रिंगमध्ये आहे. साध्या स्प्रिंगची ओढ फक्त वाढलेल्या लांबीच्या प्रमाणात असते. इथे ती अख्ख्या लांबीच्या प्रमाणात लागते. म्हणून तिची वेटोळी मुळातच एकमेकांना घट्ट बिलगतील अशी वळवतात. राहिलेली चूकभूल सांध्यांतलं घर्षण सांभाळून घेतं. स्वस्त नकलांमध्ये हाच हिशेब चुकतो आणि दिवा मान टाकतो!

पुढे नॉर्वेच्या जेकबसन यांनी याच रचनेवर ‘लक्सो’ दिवा काढला. पिक्सार या अ‍ॅनिमेशन कंपनीच्या १९८६ च्या लघुपटात जो दिवा उड्या मारतो, तो त्याचाच वंशज.